धरलेली जागा

सन दोन हजार एकवीस. चैत्राचा वद्य पक्ष, कडक उन्हाळा. हनुमान जयंती नुकतीच होऊन गेली होती, पण त्या वर्षी देवळात घंटा वाजली नव्हती. भर दुपारी मी तळवड्याच्या स्टॉपवर डबा घेऊन उभा होतो.

डबा माझ्या बायकोचा, दुर्गाबाईचा. ती आकुर्डीच्या एका दवाखान्यात होती. आत कुणाला सोडत नव्हते. गेटवर टेबल मांडलेलं असायचं. त्यावर डबा ठेवायचा, नाव सांगायचं आणि मागं फिरायचं. रोज मुलगा, गणराज, गाडीवरून डबा देऊन यायचा. त्या दिवशी त्यालाही ताप आला आणि तो आतल्या खोलीत दार लावून पडला. सून माहेरी अडकली होती. मग भात मीच शिजवला, मऊ, लोणच्याचा खार घालून. आणि निघालो.

मी ज्योतीराम. मूळचा धाराशिवकडचा. शाळा चौथीपर्यंत. चाकणच्या एका कारखान्यात भट्टीवर काम करून म्हातारा झालो. जन्मात कुणापुढं हात पसरला नाही. त्या दिवशी मात्र पसरला, म्हणून हे सांगायचं.

सकाळी दवाखान्यातून सिस्टरचा फोन आला होता.

"आजोबा, आजींचा ऑक्सिजन उतरतोय. मोठी मशीन लागेल. आमच्याकडं जागा नाही. बाहेर कुठं जागा मिळते का बघा. आजच बघा."

गणराजनं तापात पडल्या पडल्या फोन लावले. चिंचवड, भोसरी, पार तळेगावापर्यंत. सगळीकडून एकच उत्तर, जागा नाही. त्या दिवसांत हा एकच शब्द कानावर यायचा. दवाखान्यात जागा नाही, घाटावर जाळायला जागा नाही. कब्रस्तानातही नाही म्हणत होते.

स्टॉपवर दुसरं कुणी नव्हतं. एक रिक्षा आली. रिक्षावाल्यानं स्वतःच्या मागं प्लॅस्टिकचा पडदा लावला होता. माझ्या हातातला डबा बघून त्याला समजलं मी कुठं चाललोय ते.

"काका, माफ करा. घरी लहान पोरं आहेत," म्हणाला आणि गेला.

बस फक्त दवाखान्याच्या आणि पालिकेच्या लोकांसाठी चालू होती. गळ्यात ओळखपत्र लागायचं. माझ्या गळ्यात तुळशीची माळ होती.

बसचं थोडं सांगतो, कारण सगळं तिथंच घडलं.

साथीच्या आधी तळवड्याहून चाकणला जाणारी बस म्हणजे घमेल्यात भरलेली वाळू. पाय टेकायला मिळाला तरी नशीब. माझा एक जोडीदार होता, मन्सूर. आकुर्डीचा. चाकणला एका वर्कशॉपमध्ये वेल्डिंग करायचा. तो पहिल्या स्टॉपला चढायचा आणि शेजारच्या सीटवर रुमाल टाकायचा. पांढरा रुमाल, हिरव्या काठाचा, ठिणग्या उडून भोकं पडलेला. तळवड्याला मी चढलो की तो रुमाल उचलायचा आणि म्हणायचा, "या भाऊ. रुमाल माझा, बूड तुमचं."

संध्याकाळी माझ्या कंपनीचा स्टॉप आधी यायचा, तेव्हा मी रुमाल टाकायचो आणि तो बसायचा. त्याच्या घरी मी कधी गेलो नाही, तो माझ्या घरी कधी आला नाही. पण उभ्या नोकरीत आम्ही एकमेकाला उभं राहू दिलं नाही.

रुमालाचा एक कायदा होता. तो कुठं लिहिलेला नव्हता, पण गुंडसुद्धा पाळायचे. रुमाल पडला की जागा धरली. रुमाल टाकणाऱ्यानं जागेची राखण करायची. ज्याच्यासाठी धरली तो आल्याशिवाय त्यानं तिथून हलायचं नाही. आणि दुसऱ्याचा रुमाल कुणी उचलायचा नाही. मी तर कधीच उचलला नाही.

मग साथ आली. बस थांबल्या. पुन्हा सुरू झाल्या तेव्हा एक सोडून एक सीटवर फुली होती. लाल पट्टीची फुली आणि खाली लिहिलेलं, "येथे बसू नये." ज्यांच्या हातात पैसा होता त्यांनी जुन्या गाड्या घेतल्या. ज्यांच्या हातात नव्हता ते चिखलीपासून चाकणपर्यंत पायी जायला लागले. बसमध्ये कुणी खोकलं की पुढच्या स्टॉपला निम्मी बस उतरायची. दुसऱ्याच्या रुमालाला हात कोण लावणार? रुमाल टाकायची रीत त्या वर्षी मेली. मन्सूरची आणि माझी गाठ पडणं तर त्याआधीच थांबलं होतं. मी कामावरून निवृत्त झालो, तेव्हापासून. फोन करीन म्हणालो, राहून गेलं.

तर मी स्टॉपवर उभा. ऊन डोक्यात शिरत होतं. रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. कारखान्यांचे भोंगे बंद, ट्रक बंद. लांबून धुराचा वास येत होता. त्या दिवसांत तो कसला धूर हे कुणी विचारत नव्हतं. हातात डबा गरम होता. मनात आलं, भात निवेल तोवर हिचं काय होईल? आणि माझ्या तोंडून मोठ्यानं निघून गेलं.

"कुणीतरी एक जागा धरा रे तिच्यासाठी. कुणीही धरा. पाया पडतो."

ऐकायला कुणी नव्हतं. असं मला वाटलं.

तेवढ्यात चाकणच्या बाजूनं बस आली. मी हात केला नव्हता. ती आपणहून थांबली. दार उघडलं. ड्रायव्हर प्लॅस्टिकच्या पडद्यामागं होता, त्याची पाठच दिसली. कंडक्टर दिसला नाही. ओळखपत्र कुणी मागितलं नाही. मी चढलो.

आत गारवा होता. बाहेर रस्त्याचं डांबर पाघळत होतं आणि आत विहिरीत उतरल्यासारखा गारवा. औषध मारलेल्या फरशीचा वास होता. त्याखाली दुसरा एक वास होता, ओल्या मातीचा. बस चालू झाली. डोळे सावलीला सरावले, तेव्हा मला माणसं दिसली.

बस भरलेली होती. पण ज्या सीटवर फुली नव्हती त्या सगळ्या रिकाम्या होत्या. माणसं फक्त फुली मारलेल्या सीटवर बसली होती. बाया, बापे, एक कॉलेजातली पोरगी, एक कंपनीचा गणवेश घातलेला तरुण. सगळ्यांच्या तोंडाला मास्क. कुणाजवळ पिशवी नाही, डबा नाही. सगळे समोर बघत होते. कुणी खोकत नव्हतं. त्या वर्षी न खोकणारी बस मी पाहिली नव्हती.

मी जवळच्या बाईकडं बघितलं. आपण श्वास घेतो तेव्हा मास्कचं कापड आत-बाहेर होतं. तिचं होत नव्हतं. पुढच्या माणसाचं बघितलं. त्याचंही होत नव्हतं.

मी दांडी घट्ट धरली.

"भाऊ... इकडं."

आवाज मागून आला. ओळखीचा. मधल्या रांगेत मन्सूर बसला होता. मास्कवर फक्त डोळे दिसत होते, पण वेल्डिंगनं लाल झालेले ते डोळे मी कुठंही ओळखले असते. त्याच्या शेजारची खिडकीची सीट रिकामी होती. तिच्यावरही फुली होती. आणि फुलीवर हिरव्या काठाचा, भोकं पडलेला रुमाल टाकलेला होता.

क्षणभर मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? इतक्या दिवसांत कुणीतरी आपला माणूस दिसला होता.

"मन्सूर, लेका, तू या बसला कसा?"

"मी याच बसला असतो, भाऊ. मागच्या पावसाळ्यापासून."

"आणि उतरतोस कुठं?"

"माझा स्टॉप आजच आला होता," तो म्हणाला. "उतरणारच होतो. तेवढ्यात तुमचा आवाज आला... म्हटलं, भाऊ कधी काही मागत न्हाईत."

मी सरकून त्या सीटपाशी गेलो. सवयीनं. त्यानं हात आडवा घातला.

"तुमची न्हाई. वहिनींची हाय."

बस खड्ड्यातून गेली. कुणाचंही डोकं हललं नाही.

"काय म्हणालास?"

"तुम्हीच म्हणालात ना... तिच्यासाठी जागा धरा. धरली. शेवटचीच होती, भाऊ. मागं बघा, लोक उभ्यानं चाललेत."

मी मागं बघितलं. मागच्या दारापाशी माणसं उभी होती. दाटीवाटीनं, पूर्वीच्या बससारखी. दांडीला धरलेले हातच हात. सगळ्यांच्या नजरा त्या रुमालावर होत्या.

मला सगळं समजलं.  डबा छातीशी धरला.

"मन्सूर... मी दवाखान्यातली जागा म्हणालो. बेड."

"बेड कुठं हाय, भाऊ? मी समदीकडं बघितलं. कुठंच न्हाई. मग म्हटलं, निदान इथं तरी त्यांना उभं राहायला लागू नये..."

तो चांगल्या मनानं बोलत होता. तेच सगळ्यात भयंकर होतं. शिवी द्यावी तर कुणाला?

"काढ तो रुमाल."

"कसा काढू? धरलेली जागा रिकामी जात न्हाई. तुम्हाला ठाऊक हाय."

"काढ म्हणतो ना!"

"आकुर्डी आली, की त्या चढतील..." तो हळूच म्हणाला. "दवाखान्याच्या दारात बस थांबती आता."

खिडकीतून बघितलं. निगडीचा चौक मागं गेला होता, पुढं आकुर्डीच.

मी देवाला बोलावलं नाही. वेळ नव्हता. जन्मात दुसऱ्याचा रुमाल उचलला नव्हता, तो त्या दिवशी उचलला. बर्फासारखा गार होता. मागचे सगळे हात दांडीवरून सुटले. माणसं पुढं सरकली. पायांचा आवाज झाला नाही. त्याच झटक्यात मी तोंडावरचा पंचा सोडला. पंचाचा तुकडाच होता तो, दुर्गाबाईनं लाल दोऱ्यानं कडा शिवून दिलेला. तो मी त्या सीटवर टाकला.

माणसं जागच्या जागी थांबली.

"ही जागा माझी," मी म्हणालो.

मन्सूर माझ्याकडं बघत राहिला.

"भाऊ... मग बसा."

"आज न्हाई. आज डबा द्यायचाय."

त्याचे डोळे जरा हसले. पूर्वी हसायचे तसे.

"मग कवा?"

"तिला बरं वाटलं की."

"तवर मला राखण करावी लागंल. ही गर्दी बघा. उभं राहून करावी लागंल, बसून ऐकणार न्हाईत हे. आणि उतरता यायचं न्हाई मला..."

"थांबशील?"

"तुमच्यासाठी थांबलो न्हाई असं कधी झालंय?" तो म्हणाला. त्यानं आपली सीट सोडली. मागची एक बाई पुढं आली आणि त्याच्या सीटवर बसली. मन्सूर माझ्या पंचापाशी दांडी धरून उभा राहिला. "शब्द हाय ना, भाऊ?"

"हाय."

बस थांबली. मी उतरलो. मागं दार लागलं, ते मी ऐकलं. वळून बघितलं नाही.

दवाखान्याच्या गेटवरचा वॉचमन माझ्यावर ओरडला, "ओ आजोबा, मास्क कुठाय? मरायचंय का?"

 डबा टेबलावर ठेवला. आतून सिस्टर धावत आली. घामानं तिच्या अंगावरचा प्लॅस्टिकचा झगा आतून भिजला होता.

"दुर्गाबाईंचे तुम्हीच ना? वर नेतोय त्यांना. मशीनवाली जागा झाली. आत्ताच झाली."

जागा कशी झाली ते मी विचारलं नाही.

डब्याला हात लावला. भात अजून गरम होता. माझ्या मुठीत मन्सूरचा रुमाल होता.

दुर्गाबाई घरी आली तेव्हा पावसाळा लागला होता. काठी टेकत जिना चढली आणि पहिल्यांदा माझ्यावर खेकसली, "ह्ये काय घराचा उकिरडा केलाय!" तेव्हा मी कोपऱ्यात तोंड करून रडलो. तिला दिसू दिलं नाही.

मग मी आकुर्डीला मन्सूरच्या घरी फोन लावला. त्याच्या मुलानं, तौसिफनं, उचलला.

"चाचा, अब्बा मागच्या पावसाळ्यात गेले. कुणाला कळवताच आलं नाही. कामावरच्या कपड्यात नेले होते, तसेच पिशवीत बांधून दिले. तोंडपण नाही बघू दिलं."

"त्यांचा एक रुमाल होता," मी म्हणालो. "हिरव्या काठाचा."

"तो त्यांच्या खिशातच राहिला, चाचा. त्यांच्याबरोबरच पुरला."

मी फोन ठेवला. रुमाल ट्रंकेत तळाशी ठेवला.

त्यानंतर मी बसला गेलो नाही. गणराज म्हणायचा, बापूंना रोगाची भीती बसली. म्हणू दे. बस सोडलेली माणसं तेव्हा घरोघर होती, त्यात मी एक. लग्नाला, दवाखान्याला, बाजाराला मी गणराजच्या गाडीवर मागं बसून जायचो, नाहीतर चालत. मी शब्द मोडला नव्हता. तिला बरं वाटलं की, एवढंच म्हणालो होतो. तिचे गुडघे अजून दुखत होते. तेवढ्या आधारावर मी दिवस काढत होतो.

साथ संपली. मास्क गेले. फुल्या खरवडून काढल्या, तरी सीटवर त्यांचा चिकट डाग राहिला. लोक पुन्हा बसनं जायला लागले. पण एक सवय राहिली. जागा असली तर माणूस दुसऱ्याशेजारी बसत नाही, मधली सीट सोडतो, पिशवी ठेवतो. ती सीट रिकामी आहे असं त्याला वाटतं.

यंदाच्या चैत्रात दुर्गाबाई चिखलीला बहिणीकडं गेली होती. परतताना एकटीच बसनं आली. भर उन्हात. खुर्चीत बसून पाय चोळत मला म्हणाली,

"अवो, आज बसमध्ये एक खुळं माणूस भेटलं."

"कोण?"

"म्हातारं होतं. तोंडाला मास्क. आता कोण बांधतंय मास्क? शेजारी खिडकीची सीट मोकळी आणि हे दांडी धरून उभंच. पाय सुजलेले बिचाऱ्याचे, खांबासारखे. म्हटलं, बाबा, बसा की. तर मान हलवली. म्हटलं, मग मी बसते, माझे गुडघे दुखतात."

माझ्या हातातला पाण्याचा तांब्या मी खाली ठेवला.

"बसलीस?"

"बसत होते. सीटवर कसलं तरी फडकं होतं, ते उचलाया गेले तर त्यानं माझा हात धरला. गार हात, बाई! म्हणाला, वहिनी, बसू नका... भाऊंची जागा हाय. लई दिवस झाले, भाऊ आले न्हाईत."

ती थांबली. माझ्याकडं बघितलं.

"आणि ते फडकं... लाल दोऱ्याची कड होती त्याला. टाका माझ्या हातचा होता. असं कसं हो?"

"एकासारखा एक टाका असतो," मी म्हणालो.

"गुडघे मात्र बरे हायेत," ती म्हणाली. "उतरल्यापासून दुखायचे थांबलेत बघा."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आंघोळ केली. धुतलेलं धोतर नेसलो. ट्रंकेतला रुमाल काढला. इतक्या वर्षांनीही तो गारच होता. गणराज कामावर गेला होता. दुर्गाबाई भाकरी करत होती.

"कुठं निघालात उन्हाचं? गणराज येऊ द्या, गाडीवर सोडंल."

"बसनं जातो."

"अगंबाई! सुटली का भीती? थांबा, डबा देऊ?"

"नको."

तिच्याकडं बघून घेतलं आणि जिना उतरलो.

स्टॉपवर बरीच माणसं होती. सगळी आपापल्या फोनमध्ये. चाकणच्या बाजूनं एक बस आली. कुणी मान वर केली नाही. दार माझ्यापुढं उघडलं.

मन्सूर उभा होता. मी त्याचा रुमाल त्याच्या हातात दिला. सीटवरचा माझा पंचा उचलला आणि बसलो.

पुढच्या स्टॉपला मन्सूर उतरला.